सोमारीचा जबडा

सोमारी लेकामीच्या जबड्यातून काढलेला हाडाचा तुकडा दीपालीकडे आला, तेव्हा डबीसोबतच्या कागदावर 'कॅन्सर?' एवढंच लिहिलेलं होतं. अक्षर ठेंगरी सरांचं. डॉ. विनोद ठेंगरी म्हणजे तोंड, जबडा आणि मान यांची ऑपरेशनं करणारे त्या दवाखान्यातले एकमेव सर्जन, आणि डॉ. दीपाली वाळके तिथली पॅथॉलॉजिस्ट. ते कापायचे, कापलेलं सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव दीपाली सांगायची.

चंद्रपूरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात असे तुकडे रोज यायचे. गालातले, जिभेखालचे, हिरडीतले. या भागात खर्रा खाणारं तोंड शोधावं लागत नाही, न खाणारं शोधावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा बाया, बाप्ये, कॉलेजातली पोरं, सगळेच गालात धरतात. त्यामुळे चाळिशीची बाई एटापल्लीच्या जंगलातून सुजलेला जबडा आणि हलणारे दात घेऊन आली, की तिला काय झालं असेल हे दवाखान्याच्या फाटकावरच्या चौकीदारानंही सांगितलं असतं.

हाडाचा तुकडा लगेच कापता येत नाही. तो आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो. ठेंगरी सर रोज फोन करून विचारत होते, कारण त्यांनी सोमारीच्या ऑपरेशनचा दिवस धरून ठेवला होता. शेवटी काच तयार झाली आणि दीपालीनं ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

कॅन्सर नव्हता. तिनं काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. खर्ऱ्यानं होतो तसल्या कॅन्सरची एक पेशीही कुठे नव्हती. होत्या त्या अगडबंब पेशी, एकेकीच्या पोटात वीस-पंचवीस केंद्रकं, आणि त्यांच्या आजूबाजूला झिरपलेलं जुनं रक्त. या पेशी हाड खातात. पण त्या का खातायत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. जबड्यातच उगवलेली गाठ असली तरी त्या अशाच दिसतात, आणि रोग भलतीकडेच, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत असला तरी अगदी अशाच दिसतात. दीपालीला हे कॉलेजात शिकवलेलं होतं. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारचा पेशंट तिनं कधी पाहिला नव्हता.

तिनं सरांना फोन लावला.

"कॅन्सर नाहीये, सर. जायंट सेल लीजन आहे."

"वा! चांगली बातमी दिलीस," ठेंगरी सर म्हणाले. ते ब्रह्मपुरीकडचे, आवाज मोठा, मन मोकळं. "पण जबडा तर पोखरलाय. डावी बाजू काढावीच लागेल. सोमवारी घेतो तिला."

"सर, एक शंका आहे. पॅराथायरॉइडमुळेही हे असंच दिसतं. तसं असेल तर जबड्याला हात लावायची गरजच नाही."

"कॅल्शियम पाहिलंय मी. नॉर्मल आहे."

"किती आहे?"

"वरच्या हद्दीच्या आत आहे ना, झालं! दीपाली, मी वीस वर्षं इथे जबडे कापतोय. तू म्हणतेस ते एकदाही सापडलं नाही. आणि ही बाई एकदा घरी गेली की परत येत नाही. असे किती गेले, मला माहीत आहे. आले तेव्हा काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

हे खोटं नव्हतं. सरांची घाई पेशंटच्या काळजीचीच होती, म्हणून तर त्या घाईशी भांडणंही अवघड होतं. दीपालीनं फोन ठेवला आणि सोमारीचे रक्ताचे रिपोर्ट मागवून घेतले. कॅल्शियम खरंच हद्दीच्या आत होतं, अगदी काठावर. पण त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन नावाचं प्रथिन होतं, आणि ते पार घसरलेलं होतं. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम या प्रथिनाला चिकटून फिरतं. प्रथिनच कमी असेल, तर कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. तिनं कागदावर हिशोब मांडला. प्रथिन धरून पाहिलं तर कॅल्शियम हद्दीच्या बरंच बाहेर जात होतं.

ती वॉर्डात गेली. पॅथॉलॉजिस्ट सहसा वॉर्डात जात नाही. तिथल्या सिस्टरला आधी ती कुणाची नातेवाईक वाटली.

सोमारी खाटेवर न बसता खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. डाव्या गालाखाली कैरीएवढी गाठ. शेजारी तिचा नवरा चैतू. सोमारी माडिया बोलायची, मराठी तिला कामापुरतं यायचं. अडलं की चैतू सांगायचा.

"बाई, खाता येते का?" दीपालीनं विचारलं.

"पेज पेतो. दात हालते," सोमारी म्हणाली.

म्हणजे प्रथिन का घसरलं ते कळलं. दीपाली तिच्याजवळ फरशीवरच बसली आणि एकेक विचारू लागली. कधी हाड मोडलं होतं का? चैतूनं बायकोचा हात पुढे धरून दाखवला; मनगट वाकडं जुळलं होतं.

"मागच्या साली. लाकडाची मोळी उचलली आन कटकन मोडला. पडली-बिडली नाई, म्याडम. नुसती उचलली."

"पथरी? मुतखडा?"

"दोनदा पडली. लय बोंबलली तवा."

"तहान?"

यावर सोमारी पहिल्यांदाच हसली. चैतू म्हणाला, "गुंडभर पानी पेते. आन रातभर बाहेर-आत. माही माय म्हनते, काम नको म्हून सोंग करते. बसली का बसूनच राह्यते."

मोडलेलं मनगट, पथरी, तहान, थकवा. चार वेगवेगळ्या दुखण्यांसाठी सोमारी चार ठिकाणी गेली होती. कुणी पट्टी बांधली, कुणी गोळ्या दिल्या, गावातल्या पुजाऱ्यानं मंतरून पाणी दिलं. ज्यानं-त्यानं आपल्या पुढ्यात आलेलं तेवढं पाहिलं. दीपालीनं त्याच दुपारी तिचं रक्त काढून, बर्फात ठेवून, पॅराथायरॉइडच्या हार्मोनसाठी नागपूरला पाठवलं, आणि ठेंगरी सरांकडे जाऊन सोमवार पुढे ढकलायची विनंती केली.

सर चिडले नाहीत. नुसते थकल्यासारखे म्हणाले, "ठीक आहे. मानेची सोनोग्राफीही करून घे."

सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये एक लहानशी गाठ दिसली. असल्या गाठी निम्म्या बायांना असतात. बाकी काही दिसलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं सांगितलं, सोमारी लेकामी खाटेवर नाही. नवराही नाही. न सांगता निघून गेले.

ठेंगरी सर म्हणाले होते, तसंच झालं होतं. 

नागपूरचा रिपोर्ट आला, तेव्हा दीपालीनं तो उभ्या-उभ्याच उघडला. हार्मोन असायला हवं त्याच्या वीस पटीहूनही जास्त होतं. तिनं चैतूचा नंबर लावला, फोन बंद. मग एटापल्लीच्या आरोग्य केंद्रातून त्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवला. तिचं नाव रंभा. टॉवर लागेल तिथे जाऊन रंभानंच उलट फोन केला.

"हो म्याडम, आली ते. मोहाची फुलं येचून राह्यली."

"तिला म्हणावं लगेच ये. जबडा कापायचा नाही."

"म्या सांगलं, म्याडम. ते म्हनते, दवाखान्यातले असेच म्हनते आन बेसुद करून कापते. तुमीच येऊन सांगा. माह्यावर नाई इस्वास ठेवत."

दीपालीनं आयुष्यात कधी पेशंटच्या घरी जाऊन काही सांगितलं नव्हतं. तिचं काम काचेवरचं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले, एटापल्ली तिनं नकाशातच पाहिलेली. पण आकडा असा होता की पोस्टानं पाठवून भागणार नव्हतं. रविवारी तिनं धाकट्या भावाला, रोशनला, गाडी काढायला लावली. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीच्या पुढे सूरजागडहून येणारे लोखंडाच्या दगडाचे ट्रक एकामागं एक येत होते आणि दोन्ही बाजूंची सागाची झाडं मातीनं लाल झाली होती. रोशन वाटभर कुरकुरला, पण पोचवलं त्यानं.

सोमारीच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती आणि सगळ्या हवेला त्यांचा गोड, आंबूस वास होता. सोमारी मांडवाखाली बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. रंभा म्हणाली की दोन दिवसांपासून ओकाऱ्या होतायत, तरी पहाटे झाडाखाली जातेच. सोमारीनं दीपालीला ओळखलं आणि चैतूला काहीतरी म्हणाली.

"ते म्हनते, तुमी फरशीवर बसल्या होत्या, त्याच बाई का?"

"त्याच," दीपाली म्हणाली आणि खाली बसली. "पळून काऊन आलात, बाई?"

"मोह पडून राह्यला," सोमारी म्हणाली. मग जरा थांबून, "आन सिस्टर बोलली, अर्दा जबडा काडते. अर्दा तोंड घिऊन काय करू?"

"जबडा काढायचा नाही. रोग जबड्यात नाहीच. मानेत आहे."

सोमारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "दुखते जबडा, आन कापता मान?"

रोशनला हसू आलं. दीपालीला मात्र हा प्रश्न अगदी योग्य वाटला; तिच्या परीक्षेतही तो याहून सरळ कुणी विचारला नव्हता. ती सांगू लागली. मानेत डाळीच्या दाण्याएवढ्या चार बारक्या ग्रंथी असतात. हाडातलं कॅल्शियम, म्हणजे हाडातला चुनाच म्हणा, किती सोडायचा हे त्या ठरवतात. त्यातली एक बिघडलीय आणि सगळ्या हाडांतून चुना काढून रक्तात टाकतेय. म्हणून मनगट मोडलं. रक्तातून तो किडनीत जाऊन पथरी झाली. त्याच्यामुळेच तहान, त्याच्यामुळेच थकवा, आणि त्याच्यामुळेच जबडा पोखरला.

चैतूनं माडियात हे सगळं सांगितलं. त्याला वेळ लागला, कारण मध्येच सोमारीची सासू आली, तिलाही पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. सोमारीनं ऐकून घेतलं.

"चुना खाल्ला म्हून झाला का?"

"नाही. खर्रा वाईटच आहे, पण हे त्याच्यानं नाही झालं."

"थकते, तेबी त्याच्यानंच?"

"तेही त्याच्यानंच."

सोमारी सासूकडे वळून माडियात दोन-तीन वाक्यं बोलली. चैतूनं ती मराठीत सांगितली नाहीत. सासू उठून आत गेली आणि पाहुण्यांसाठी काळा चहा घेऊन आली.

"मोह झाला का येतो," सोमारी म्हणाली.

"तोवर थांबता येणार नाही, बाई. ओकाऱ्या होतायत ना? चुना फार वाढला की माणूस बेशुद्ध पडते."

"मान कापून बरी नाई झाली तं?"

दीपालीनं लगेच हो म्हटलं नाही. "मला वाटते बरी व्हाल. शंभर टक्के कोणी सांगू नाही शकत. पण जबडा तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी कापणार नाही. ठेंगरी सर माझ्यासमोर तुम्हाला तसं सांगतील. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथंच असेन."

सोमारी त्या दिवशी गाडीत बसली नाही. बुधवारी चैतूनं तिला आणलं, कारण मंगळवारी ती झाडाखालीच आडवी झाली होती. आता कॅल्शियमला कुणी नॉर्मल म्हणू शकलं नसतं. ते सरळसरळ धोक्याच्या पातळीवर गेलेलं होतं. सलाइनवर सलाइन लावून ते खाली आणण्यात काही दिवस गेले. ठेंगरी सर रोज तिच्याकडे येत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या खाटेशी उभं राहून, दीपालीच्या देखत, मोठ्या आवाजात सांगितलं, "जबड्याले हात लावणार नाई. ठेंगरीचा शब्द." पूर्ण वॉर्डानं ऐकलं.

ऑपरेशनच्या दिवशी दीपाली थिएटरला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसली. तिथे तुकडा गोठवून तेवढ्यात कापायचं आणि रंगवायचं यंत्र होतं. पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असतो आणि सर्जन उत्तराची वाट पाहत हात थांबवून उभा असतो. विचार करायला सवड नाही, आणि चूक झाली तर मान बंद करून रोग आतच राहतो.

पहिला तुकडा सोनोग्राफीत दिसलेल्या गाठीचा होता. सरांनी निरोप पाठवला, "हीच असावी."

दीपालीनं काच पाहिली. गोल-गोल पोकळ्या आणि त्यांत गुलाबी द्रव. थायरॉइड असं दिसतं. पण मेख अशी की बिघडलेली पॅराथायरॉइडही कधी कधी अशाच पोकळ्या करून बसते, आणि गोठवलेल्या काचेवर दोघींत फरक करताना भले भले फसतात. बाहेरून सिस्टर दोनदा डोकावून गेली. दीपालीनं सूक्ष्मदर्शकावर ध्रुवित प्रकाशाची काच चढवली. थायरॉइडच्या गुलाबी द्रवात बारीक स्फटिक असतात. या प्रकाशात ते चमकतात. पॅराथायरॉइडमध्ये ते सहसा नसतात.

काळ्या पार्श्वभूमीवर ठिकठिकाणी पांढरे ठिपके लकाकले.

ती थिएटरच्या दारात गेली. "थायरॉइड आहे, सर. ही ती नाही."

"नक्की?"

"नक्की. अजून शोधावं लागेल."

मास्कवरून सरांचे डोळेच दिसत होते. ते क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग खाली वाकले. दीपाली खोलीत परत आली.  मानेत दुसरं काही सापडलंच नाही तर काय, हा विचार तिनं करायचा नाही म्हटलं तरी येत होता. रक्ताच्या आकड्यांखेरीज तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

बराच वेळ गेला. मग दारातून सरांचाच आवाज आला, "दीपाली, बघ ही कुठे लपली होती! अन्ननलिकेच्या मागे!"

ट्रेमध्ये खारकेएवढी, तपकिरी-तांबूस, गुळगुळीत गाठ होती. तिचा कोपरा गोठवून कापला. पेशी खचाखच भरलेल्या, एकसारख्या, मध्ये निरोगी ग्रंथीत असते तशी चरबी थेंबभरही नाही. ध्रुवित प्रकाशात एकही ठिपका चमकला नाही.

"पॅराथायरॉइड," ती दारातून म्हणाली.

पुढचे दोन दिवस सोपे नव्हते. ग्रंथी निघाल्याबरोबर उपाशी हाडांनी रक्तातलं कॅल्शियम ओढायला सुरुवात केली. दुसऱ्या रात्री सोमारीची बोटं आखडली, तोंडाभोवती मुंग्या आल्या. चैतू घाबरून कॉरिडॉरमध्ये ओरडत सुटला. सरांनी हे होणार म्हणून औषध आधीच खाटेशी ठेवलेलं होतं. शिरेतून कॅल्शियम सुरू झालं आणि सकाळपर्यंत बोटं सैल पडली. दीपालीनं पूर्ण गाठीच्या काचा करून कोपरान् कोपरा तपासला, कारण अशा गाठींतही क्वचित कॅन्सर निघतो. निघाला नाही.

धान कापणी झाल्यावर सोमारी चैतूसोबत एस.टी.नं तपासणीला आली. या वेळी ती खाटेवर बसली. गालाखालची गाठ ओसरून बोराएवढी राहिली होती. एक्स-रेमध्ये जिथे भोक होतं तिथे पांढरं, दाट हाड भरून आलं होतं. ठेंगरी सरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी-शेजारी लावली आणि दीपालीला बोलावून घेतलं.

"हे मी कापणार होतो," ते म्हणाले. 

सोमारीच्या ऑपरेशनपासूनच असा जबडा आला की ते प्रथिन धरून कॅल्शियमचा हिशोब करतात आणि हार्मोन तपासायला पाठवतात. नुकताच, दिवाळीनंतर, सिरोंच्याकडचा एक माणूस आला होता, काचेवर अगदी त्याच पेशी. त्याचं सगळं नॉर्मल निघालं, दोनदा तपासून. त्याचा जबडा काढावाच लागला.

सोमारीला यातलं काही माहीत नव्हतं. तपासणी झाल्यावर ती दीपालीच्या खोलीत आली आणि टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाकडे पाहत उभी राहिली.

"माही गाठ याच्यात पाह्यली?"

"याच्यातच."

"दाखव."

दीपालीनं कपाटातून काच काढून लावली आणि तिला वाकून कसं पाहायचं ते दाखवलं. सोमारीनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाली आणि चैतूला माडियात काही म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हनते, इतकीशी गोष्ट," चैतू म्हणाला. "आता मले दाखवा."